स्पेसर, नेब्युलायझर आणि ऑक्सिमीटर: लेकीच्या धापेचे आठ महिने

गेल्या जुलैत आमच्या मुलीला मध्यरात्री बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यावं लागलं. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. घरी आल्यावर आठवड्याभरात तीन वस्तू आल्या: स्पेसर, नेब्युलायझर आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर. आता मार्च आहे. यातली कुठली वस्तू खरोखर उपयोगी पडली आणि कुठल्या वस्तूपायी आम्ही एकदा उशीर केला, ते लिहितेय. लहान मुलाला धाप लागते अशा घरांसाठी लिहितेय, म्हणून थोडं लांबेल.

आधी ती रात्र. आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. दोन दिवस सर्दी होती, बाहेर पाऊस कोसळत होता, भिंती ओल्या. बाराच्या सुमारास मला जाग आली ती तिच्या श्वासाच्या आवाजाने. छातीत पिल्लं बोलत होती. सासूबाईंनी वाफ द्यायला पाण्याचं पातेलं चढवलं. मी तिचा फ्रॉक वर केला तर दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. पाणी पाजलं तर एक घोट घेऊन तिने पेला ढकलला. "आई" एवढं एकच म्हणून ती थांबत होती.

आम्ही जवळच्या एका खाजगी इस्पितळात गेलो. तिथे मुलांचे डॉक्टर सकाळी नऊला येणार होते. नाव, पत्ता, आधार, आगाऊ रक्कम असं सगळं लिहून झाल्यावर कळलं की तिच्या तोंडावर बसेल असा लहान मास्कच तिथे नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली. त्या मिनिटांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, पण त्या इस्पितळाचं नाव इथे घेत नाही. चूक आमचीही होती. रात्री मुलांचे डॉक्टर कुठे असतात याची चौकशी आम्ही तीन वर्षांत एकदाही केली नव्हती.

शेवटी तिथूनच १०८ लावला. गोव्यात ही सेवा २००८ पासून आहे, पण आमच्यापैकी कोणी तो नंबर पहिल्यांदाच फिरवत होतं. रुग्णवाहिकेतल्या भावाने चढल्या चढल्या तिला माझ्या मांडीवर सरळ बसवलं, आडवं करू दिलं नाही. ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ सुरू केली आणि मला म्हणाला, "भियेवं नाका बाय." पर्वरी मागे पडली, पणजीच्या अटल सेतूवरून गाडी उतरली आणि तिच्या ओठांवरचा काळसर रंग जरा कमी झाल्यासारखा वाटला. गोवा मेडिकल कॉलेजात मुलांच्या विभागात पोचलो तेव्हा कोणी आधी कागद मागितला नाही. दर वीस मिनिटांनी एक अशा तीन वाफा ऑक्सिजनवर दिल्या आणि स्टेरॉइडचं औषध पाजलं. त्याचा परिणाम दिसायला तीन-चार तास लागतात, हे तिथल्या निवासी डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, म्हणून पहाटेपर्यंत धीर धरता आला. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

सोडण्याआधी एका तरुण डॉक्टरांनी मला अर्धा तास बसवून पंप (इनहेलर) आणि स्पेसर शिकवला. स्वतः करून दाखवला, मग माझ्याकडून तीनदा करून घेतला. त्या अर्ध्या तासाची किंमत मला पुढे कळली.

तर पहिली वस्तू स्पेसर. दिसायला साधी प्लास्टिकची नळी, एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला छोटा मास्क. दुकानात पाहिलं तेव्हा मला हे खेळणं वाटलं होतं. आज सांगते, घरात एकच वस्तू ठेवायची तर हीच ठेवा. पंप नीट हलवायचा, मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता दाबून धरायचा, एक पफ सोडायचा आणि तिचे पाच-सहा श्वास मोजायचे. मग पुन्हा हलवून दुसरा पफ. दोन पफ एकदम सोडायचे नाहीत. झडपेची टिक-टिक ऐकू येते, त्यावरून ती श्वास घेतेय हे कळतं. पहिले पंधरा दिवस ती रडून मास्क ढकलायची, आणि रडताना औषध फुप्फुसात नीट जात नाही. मग आम्ही आधी बाहुलीला पंप द्यायला लागलो. आता ती स्वतः मास्क धरते आणि बोटांवर श्वास मोजते. मात्र चार नेहमी विसरते.

धुण्याबद्दल दुकानदाराने जे सांगितलं ते चूक निघालं. तो म्हणाला, स्वच्छ फडक्याने पुसा. पुसल्याने प्लास्टिकवर विजेचा भार तयार होतो आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. पावसाळ्यात आमच्याकडे तो वाळायला दीड दिवस लागायचा, म्हणून दुसरा घेतला. सात महिन्यांनी पहिल्याचा मास्क कडक झाला आणि गालावर नीट बसेना, तेव्हा तोही बदलला.

पंपाची खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या पंपावर किती पफ उरले ते दिसत नाही. आत २०० असतात, पण औषध संपल्यावरही दाबलं की फुस्स आवाज येतोच. मी फ्रिजवर कागद लावून प्रत्येक पफची रेघ मारते. घरच्यांना सुरुवातीला याचं हसू आलं होतं. नवरात्रात रेघा १८० च्या पुढे गेल्या आणि नवा पंप वेळेत आला, तेव्हापासून रेघा तेही मारतात.

दुसरी वस्तू नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ करणारं मशीन. दोन हजारांच्या आसपास पडला. खरं सांगायचं तर तो आम्ही भीतीपोटी घेतला. बांबोळीत वाफेने ती बरी झाली, म्हणजे ते मशीन घरी हवंच, असा सरळ हिशोब. तो हिशोब कुठे चुकला ते नंतर समजलं. तिथे वाफ ऑक्सिजनवर दिली जात होती, घरचं मशीन साध्या हवेवर चालतं. आणि धाप फार नसेल तर पंप-स्पेसरने तेच औषध तितकंच चांगलं पोचतं, तेही दोन मिनिटांत. मशीनला दहा मिनिटं लागतात, आवाज मोठा आणि वीज हवी. ऑगस्टमध्ये आमच्याकडे एका रात्री पाच तास वीज नव्हती आणि नेमकी तेव्हाच तिची छाती वाजायला लागली. मशीन टेबलावर पडून राहिलं, काम स्पेसरने केलं. पावसाळ्यात त्याच्या नळीत ओल राहते, आत बुरशीचे ठिपके दिसले म्हणून मी नळी फेकून दिली. आता वापरून झाल्यावर औषधाची वाटी काढून मशीन थोडा वेळ नुसतं चालवते, नळी कोरडी होते. डॉक्टरांनी मुद्दाम घ्यायला सांगितलं असेल तर जरूर घ्या. आमच्या घरी मात्र तो बहुतेक कपाटातच असतो.

इथे एक गोष्ट सासूबाईंसारख्या सगळ्या आज्यांसाठी. आपण दोन्हींना वाफच म्हणतो. पण पातेल्यातल्या पाण्याच्या वाफेत श्वासनळी उघडणारं औषध नसतं, आणि धाप लागलेलं मूल उकळत्या पाण्याजवळ धरणं धोक्याचं आहे. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं, तेव्हा पातेलं बंद झालं. "पंपाची सवय लागते" ही त्यांची दुसरी भीती जायला मात्र दिवाळी यावी लागली.

त्या दिवाळीचं आता लिहिते, कारण तिसरी वस्तू तिथेच येते. नरक चतुर्दशीच्या पहाटे आम्ही तिला नरकासुर जाळताना पाहायला नेलं. रात्रभर वाजतगाजत फिरवलेले नरकासुर पाच वाजता पेटले, फटाके, कागद, गवत, सगळ्याचा धूर. वर्षातून एकदाच येणारी पहाट, तीही पोर किती दिवस वाट पाहत होती. दुपारी खोकला सुरू झाला. धाप येऊ नये म्हणून रोज द्यायचा वेगळा, प्रतिबंधक पंप मी सणाच्या गडबडीत दोन दिवस चुकवला होता, हेही लिहायला हवं. संध्याकाळी आराम देणारा पंप दिला, रात्री नेब्युलायझर लावला. ऑक्सिमीटर लावला तर ९५. मी निश्चिंत झाले. तासाभराने पुन्हा घरघर, पुन्हा वाफ, पुन्हा ९५. असं करत मी साडेबारा वाजवले. ती झोपेना, बसूनच राहिली, आणि मिनिटाला ५२ श्वास घेत होती. आकडा मात्र अजून ९४ होता.

मूल पूर्ण ताकद लावून श्वास घेत असतं, तेव्हा काही काळ आकडा चांगलाच दिसू शकतो, हे मला म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात समजलं. या वेळी आम्ही इकडेतिकडे न जाता थेट तिथे गेलो होतो. ऑक्सिजन, वाफ, स्टेरॉइड, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. तिथल्या डॉक्टरांनी मला रागावून विचारलं, "एवढा वेळ घरी काय करत होता?" मला उत्तर देता आलं नाही.

ऑक्सिमीटर वाईट आहे असं नाही. पण आमचा मोठ्या माणसांचा आहे, तिच्या करंगळीएवढ्या बोटावर तो नीट बसत नाही. हात थंड असला, नखाला रंग असला किंवा ती हलली की कधी ८४ दाखवतो, कधी ९८. पायाच्या अंगठ्याला लावून, नाडीचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबलं तर भरवशाचा वाटतो. तिथे ९२ च्या खाली गेला तर थांबायचं नाही, हे आम्हाला सांगितलेलं आहे. पण ९५ दिसला म्हणून घरी बसायचं, असं कोणीच सांगितलं नव्हतं. तो अर्थ मी माझ्या सोयीने काढला.

आता आमच्या फ्रिजवर रेघांच्या कागदाशेजारी डॉक्टरांनी लिहून दिलेला दुसरा कागद आहे. आराम देणाऱ्या पंपाचे दोन पफ, वीस मिनिटांनी पुन्हा दोन, त्यानंतर वीस मिनिटांनी आणखी दोन. त्यानेही मोकळं वाटलं नाही, किंवा वाटलं आणि चार तास टिकलं नाही, तर निघायचं. बरगड्यांखाली खड्डा, पूर्ण वाक्य बोलता न येणं, पाणी न पिणं, ओठ निळे, किंवा घरघर एकदम बंद होऊन मूल मलूल होणं, यातलं काही दिसलं तर पफ देत देत १०८. श्वास ती शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. पफची संख्या आमच्या मुलीसाठी लिहिलेली आहे, तुमच्या मुलासाठी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं रात्री एक वाजता आठवत नाही.

रोजचा प्रतिबंधक पंप दिवाळीनंतर एकदाही चुकलेला नाही. सकाळ-संध्याकाळ, नंतर चूळ भरायची आणि तोंड धुवायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो. तेव्हापासून थंडीत दोनदा सर्दी झाली, दोन्ही वेळा घरीच भागलं. सासूबाई आता वेळ झाली की स्वतःच आठवण करतात.

दाराच्या मागे एक पिशवी टांगलेली असते: दुसरा स्पेसर, पंप, सोडतानाचे कागद, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. चौघांच्या घराला त्यावर यादीतल्या उपचारांसाठी वर्षाला ४ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. बांबोळीत किंवा म्हापशात आम्हाला ते लागलं नाही, तरी ते पिशवीतच राहतं. आमच्या घराची खूणही मोठ्या अक्षरांत लिहून आत ठेवली आहे, कारण १०८ वर पहिल्या रात्री मला आम्ही कुठे आहोत तेही नीट सांगता आलं नव्हतं.

सध्या काजूचा हंगाम आहे. शेजारच्या भट्टीचा धूर संध्याकाळी आमच्या अंगणात येतो. गेल्या आठवड्यात मी जाऊन काकांशी बोलले. त्यांनी भट्टी हलवली नाही, ती कशी हलवणार, पण पेटवायच्या आधी ते आता कुंपणावरून हाक मारतात आणि आम्ही त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतो.