सारखा हलवायचा पीसी: टॉवर कूलर की एआयओ?

जळगाव-धुळे असा पीसी सारखा न्यायचा तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचं आधी वजन बघा. टॉवर म्हणजे प्रोसेसरवर बसणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा; एआयओ म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर (द्रव गार करणारी जाळी) असलेला बंद लिक्विड कूलर. दोन पंख्यांचा मोठा टॉवर सव्वा किलोच्या पुढे जाऊ शकतो; उभ्या केसमध्ये तो मदरबोर्डवर आडवा लटकतो आणि खड्ड्यातला हिसका सगळा सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेला. नेताना केस आडवी ठेवा, मदरबोर्ड खाली. २४० मिमी एआयओचा रेडिएटर केसलाच स्क्रूने बसतो, सॉकेटवर फक्त पंपाचा ठोकळा. पण पंप गेला की अख्खं युनिट बदला. टॉवरचा नुसता पंखा बदलतो. भुसावळच्या मे महिन्यात एआयओ काही जादू करत नाही, दोन्ही खोलीच्याच हवेवर चालतात.

प्रोसेसर तापट आणि प्रवासाच्या फेऱ्या जास्त असतील तर एआयओ, पंप रेडिएटरच्या वरच्या टोकाखाली ठेवून. ६५ वॉटच्या प्रोसेसरला बॅकप्लेटवर (मदरबोर्डमागच्या पट्टीवर) स्क्रूने बसणारा १२० मिमी पंख्याचा टॉवर पुरे. पुश-पिनचा, म्हणजे दाबून बसवायच्या प्लास्टिक पिनांचा नको, हिसक्याने पिना सुटू शकतात.