‘द गेशा’ की ‘फ्लोरोडोरा’: व्हिक्टोरियन म्युझिकल कॉमेडीची सुरुवात कुठून करावी?

गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचे विनोदी ऑपेरा ऐकून झाले, आता पुढे काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला लंडनच्या १८९०च्या दशकात पाठवतो. तिथे जॉर्ज एडवर्ड्स नावाच्या निर्मात्याने ‘म्युझिकल कॉमेडी’ या प्रकाराचा जम बसवला. फार्सची गोष्ट, चालू फॅशनचे कपडे, वन्समोर घेणारी पदं आणि जिला बघायला लोक पुन्हा तिकीट काढतील अशी नटी, एवढं त्याला पुरत असे. त्या काळातली अशी नाटकं पुष्कळ आहेत, पण आज वेळ द्यावा अशी दोनच वाटतात. १८९६चं ‘द गेशा’ आणि १८९९चं ‘फ्लोरोडोरा’. दोन्हींची संहिता एकाच माणसाची, ओवेन हॉल या टोपणनावाने लिहिणाऱ्या जेम्स डेव्हिसची. त्यामुळे तुलना सोपी होते. लेखक तोच, संगीतकार आणि नाट्यगृह वेगळं.

आधीच सांगतो, नुसती संहिता म्हणून वाचायला दोन्ही सुमार आहेत. निवड करायची ती गाण्यांवर आणि प्रयोगाच्या सोयीवर.

‘द गेशा’ २५ एप्रिल १८९६ला लेस्टर स्क्वेअरजवळच्या डेलीज थिएटरात लागलं आणि तिथे त्याचे ७६० प्रयोग झाले. आपल्याकडे प्रयोगांचा आकडा गावोगावच्या दौऱ्यांवर वाढतो, हा आकडा मात्र एकाच नाट्यगृहातला आहे. गोष्ट जपानमधल्या एका चहाघरातली. ब्रिटिश नौदलातला फेअरफॅक्स मिमोझा या गेशाच्या, म्हणजे पाहुण्यांची गाऊन-नाचून करमणूक करणाऱ्या कलावंतिणीच्या, मागेपुढे करतो, त्याची वाग्दत्त वधू मॉली हे पाहून चिडते आणि गंमत म्हणून स्वतःच गेशाचा वेश घेते. इकडे मिमोझावर डोळा असलेला स्थानिक सुभेदार मार्क्विस इमारी चहाघर बंद पाडून गेशांचा लिलाव मांडतो. मिमोझाला एक इंग्रज बाई बोली लावून सोडवते, आणि इमारीच्या पदरात पडते वेशांतर केलेली मॉली. दुसऱ्या अंकात बुरख्याआड वधूची अदलाबदल होते आणि सगळं मार्गी लागतं. पुढे इटालियन संगीतकार पुच्चिनीने ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरात नौदल अधिकारी आणि गेशा यांची शोकांतिका केली. इथे मिमोझाचा जीव तिच्या सैनिक प्रियकरावर, कतानावर आहे, त्यामुळे कुणाचंच मन फारसं मोडत नाही.

लिलावाच्या प्रवेशाशी मराठी वाचक थोडा अडखळेल. १८९९मध्ये आपल्याकडे देवलांचं ‘संगीत शारदा’ आलं. तिथे भुजंगनाथ पैसे मोजून कोवळी मुलगी बायको करायला निघतो आणि सबंध नाटक त्याच्या अंगावर जातं. लंडनमध्ये जवळपास तोच व्यवहार हसण्यावारी नेलेला आहे. काळ एक, नाटकात गाणी दोन्हीकडे, पण नाटकाकडून अपेक्षा किती निराळी!

तरीही ‘गेशा’चं संगीत ऐकण्यासारखं आहे, आणि त्याचं श्रेय सिडनी जोन्सचं. एडवर्ड्सच्या गेइटी थिएटरात हलकीफुलकी, नाचरी नाटकं चालत. डेलीजमध्ये तो ऑपेरेटाकडे, म्हणजे हलक्या ऑपेराकडे, झुकत असे आणि गायकही त्या तोलाचे घेई. मिमोझाच्या भूमिकेत मेरी टेम्पेस्ट होती. तिचं सोनमासोळीचं पद या नाटकाचा प्राण आहे. काचेच्या भांड्यातली मासोळी एका अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, तो दुसरीकडेच बघत असतो, शेवटी कुणाच्या तरी धक्क्याने भांडं फुटतं आणि सोनेरी झग्यातली ती गालिच्यावर मरून पडते. मिमोझा हे गाते ते फेअरफॅक्ससमोर, हसत हसत. चाल खेळकर ठेवून शब्दांना परस्पर बोचू देणं जोन्सला इतकं जमलं आहे की गीतकार हॅरी ग्रीनबँकच्या हलक्या कवितेलाही वजन येतं. शिवाय समूहाची पदं मोठी आहेत, अंक संपतानाचं गायन नीट बांधलेलं आहे. मॉलीसाठी मात्र नाचत म्हणायची सोपी, चटकदार पदं आहेत, कारण ती भूमिका करणारी लेटी लिंड नर्तिका म्हणून अधिक प्रसिद्ध होती.

अडचण आहे ती वुन-हीची. चहाघराचा हा चिनी मालक तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलतो, गातो आणि सगळ्यांकडून मार खातो. हंटली राइटने ही भूमिका गाजवली, पण आज ती बघवत नाही. त्याची पदं कापली तर विनोदाचा अर्धा डोलारा कोसळतो, ठेवली तर लाज वाटते. मी कापण्याच्या बाजूचा आहे.

‘फ्लोरोडोरा’ ११ नोव्हेंबर १८९९ला लिरिक थिएटरात आलं. निर्माता एडवर्ड्स नव्हे, टॉम डेव्हिस. लंडनमध्ये ४५५ प्रयोग, पण खरी चलती पुढच्या वर्षापासून न्यूयॉर्कच्या कॅसिनो थिएटरात झाली. फ्लोरोडोरा हे फिलिपिन्समधलं एक काल्पनिक बेट, तिथल्या अत्तराचंही तेच नाव. अमेरिकन मालक गिलफेनने नायिका डोलोरेसच्या घराण्याची ही मालमत्ता लबाडीने लाटली आहे, आणि ती स्वतः तिथेच मजुरी करते. १८९८च्या डिसेंबरात अमेरिकेने स्पेनकडून २ कोटी डॉलरला फिलिपिन्स घेतलं, फेब्रुवारीत तिथे युद्ध पेटलं आणि नोव्हेंबरात हे नाटक आलं, एवढं ध्यानात ठेवून पाहिलं की पहिला अंक वाटतो त्यापेक्षा धारदार निघतो. हॉलने ते मुद्दाम केलं असेलच असं नाही. दुसरा अंक थेट वेल्समधल्या गढीत जातो, ट्विडलपंच नावाचा भोंदू डिटेक्टिव्ह भुताची गोष्ट सांगून गिलफेनला घाबरवतो आणि तो सगळं परत करून टाकतो. इतका पोकळ शेवट शाळेच्या गॅदरिंगमध्येही खपणार नाही.

पण मग ते पद येतं. सहा तरुण आणि सहा तरुणी, जोडीजोडीने. पुरुष विचारतात, तुझ्यासारख्या आणखी कुणी घरी आहेत का, आणि मुली अदबीने उत्तर देतात. यात नायक नाही, नायिका नाही, कथानक तसूभर पुढे सरकत नाही. संगीतकार लेस्ली स्टुअर्ट पोरवयापासून मँचेस्टर-सॅलफर्डच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलेला. त्याच्या चाली लांब श्वासाच्या असतात, अपेक्षित जागी थांबत नाहीत, आणि म्हणूनच एक ओळ या ओठांवरून त्या ओठांवर सरकताना जोड दिसत नाही. पावलं अगदी साधी, चालल्यासारखी. न्यूयॉर्कमध्ये या सहा मुली नाटकापेक्षा मोठ्या झाल्या. त्या सगळ्यांनी लक्षाधीशांशी लग्नं केली, अशी आख्यायिकाही चिकटली. ती जाहिरातीच्या भावाने घ्यावी.

नुसतं ऐकायचं असेल तर बिनदिक्कत ‘गेशा’ घ्या. १९९०च्या दशकात हायपेरियनने रोनाल्ड कॉर्पच्या संचालनाखाली केलेलं ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, त्यात मिमोझा लिलियन वॉटसन आहे. ‘फ्लोरोडोरा’ ऐकायचं तर १९००च्या तबकड्यांपासून सुरू करावं. लंडनच्या मूळ संचातल्या एव्ही ग्रीन, एडा रीव्ह यांचे आवाज त्यांवर आहेत. खरखर सहन होत असेल तर त्यात वेगळीच मजा आहे.

साहित्यवाल्यांचं पारडं समसमान. चेकॉव्हच्या ‘द लेडी विथ द डॉग’ या कथेतला गुरोव आपल्या प्रेयसीला शोधत जातो तो ‘गेशा’च्या पहिल्या प्रयोगाला, आणि जॉइसच्या ‘युलिसिस’मधली बारमेड गुणगुणते ते ‘फ्लोरोडोरा’तलं डोलोरेसवरचं पद. एडवर्ड्सच्या घराण्यातली नाटकं हिंदुस्थानात फिरवण्याचा मोठा धंदा मॉरिस बँडमनचा, आणि मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस उभं करणाऱ्या दोघांपैकी एक तोच. दुसरे जहांगीर फ्रामजी कराका. मुंबईकरांना तिथे जाऊन वर पाहायला एवढं कारण पुरे.

प्रयोग करायचा असेल तर मात्र माझं मत उलटं. कॉलेजच्या किंवा हौशी संचाला ‘गेशा’ पेलणार नाही. मिमोझासाठी वरचे सूर लीलया लावणारी गायिका हवी, जपानी वेशात वावरणाऱ्या पात्रांचा प्रश्न वुन-हीपुरता संपत नाही, आणि किमोनोंचा खर्च वेगळाच. ‘फ्लोरोडोरा’त विनोदी भूमिका नटांवर निभावतात, पोशाख उसने मिळतात, आणि दुसऱ्या अंकाला निर्दयपणे कात्री लावली तरी कुणाची तक्रार येत नाही. दोघांचीही मूळ संहिता आणि संगीत प्रताधिकारमुक्त आहे, तेव्हा परवानगीचा खर्च नाही. बेटावरचे मजूर कुणी आणि कसे दाखवायचे हा प्रश्न इथेही उरतोच, तो तालमीच्या पहिल्याच आठवड्यात सोडवावा. बारा जण एका लयीत चालवायला वेळ लागतो, म्हणून तालीम त्या पदापासूनच सुरू करा. सहा पुरुष मिळत नसतील तर चार जोड्यांवरही भागतं.