नाशिकची स्पार्कलिंग नागपुरात: कोणती बाटली घ्यायची न् कशी पाजायची

घरी साक्षगंध आहे, नाहीतर ३१ डिसेंबर आहे, आणि चार जण म्हणून राहिले की यावेळी बिअर-व्हिस्की राहू द्या, 'ती फेसवाली', म्हणजे स्पार्कलिंग वाईन, आणू. मग वाईन शॉपमध्ये गेलं की एकाच फळीवर सुला, शँडॉन, यॉर्क, झाम्पा आणि बाजूला इटलीची प्रोसेको अशा जाड बुडाच्या बाटल्या उभ्या असतात आणि काउंटरवरचा पोरगा सगळ्यांनाच शॅम्पेन म्हणतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: नागपुरात बाटली निवडताना नावापेक्षा दोन गोष्टी जास्त बघायच्या, सोबत खायला काय आहे आणि ती बाटली दुकानात कशी ठेवली होती. बाकीचं त्यानंतर.

पहिला प्रश्न येतो तो देशी की इम्पोर्टेड. प्रोसेको इटलीच्या ईशान्य भागातली, ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, आणि तिचा फेस मोठ्या बंद टाकीत तयार होतो, म्हणून ती हलकी, फळाच्या वासाची, पटकन आवडणारी असते. नाशिकच्या बऱ्याच चांगल्या ब्रूट (म्हणजे कोरड्या, गोडी अगदी कमी असलेल्या स्पार्कलिंग) मात्र शॅम्पेनच्या पद्धतीने बनतात, म्हणजे दुसरं आंबवणं त्याच बाटलीत होतं, मेलेलं यीस्ट काही महिने आतच राहतं, मग बाटली हळूहळू उलटी करत तो गाळ तोंडाशी आणून काढून टाकतात. याला मेहनत जास्त, वेळ जास्त, आणि तरीही आपल्याकडे ती इम्पोर्टेडपेक्षा स्वस्त पडते, कारण बाहेरच्या बाटलीवर आयात शुल्क बसतं आणि महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून इथल्या वाईनला करात सवलत दिलेली आहे. त्यामुळे त्याच पैशात प्रोसेकोची एक बाटली घेण्यापेक्षा नाशिकची बरी ब्रूट घ्यावी असं मला वाटतं. कोणाला फक्त परदेशी लेबल दाखवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता कोणी म्हणेल की गरम देशात कशाची आलीय स्पार्कलिंग. तर नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वाईनच्या द्राक्षांची तोडणी उन्हाळ्यात नाही, जानेवारी ते मार्चमध्ये होते, फ्रान्समध्ये ती सप्टेंबरच्या आसपास असते. पावसाळा सरला की छाटणी करायची, थंडीत फळ पिकू द्यायचं. रात्री गार असल्याने द्राक्षात आंबटपणा टिकतो, आणि स्पार्कलिंगसाठीची द्राक्षं तर आणखी लवकर, साखर पूर्ण भरायच्या आतच तोडतात. शेनिन ब्लां नावाचं द्राक्ष तिथे जास्त दिसतं ते याचसाठी, उष्णतेतही त्याचा आंबटपणा पटकन जात नाही.

आता बाटल्यांकडे येऊ. सुला ब्रूट सगळ्यात सहज मिळते, तिचा खपही बरा असतो म्हणून फळीवर फार जुनी होत नाही, आणि नागपूरसारख्या ठिकाणी हा मोठा मुद्दा आहे. चव आंबटसर, सरळ, जरा फळाची. शँडॉन ही मोएट हेनेसी या फ्रेंच कंपनीची, दिंडोरीला बनते, २०१३ मध्ये बाजारात आली, ब्रूटमध्ये शेनिन ब्लांसोबत शार्दने आणि पिनो न्वार असतं, फेस बारीक आणि तोंडात मऊ लागतो. सहा-आठ माणसं आहेत, निवांत बसून प्यायची आहे, तर मी थोडे जास्त पैसे टाकून शँडॉनच घेईन. पण पन्नास माणसांच्या हॉलमध्ये, डीजे चालू, हातात कागदी प्लेट, तिथे तो बारीक फेस कोणाच्या लक्षात येणार? तिथे सुला ब्रूट पुरे.

यॉर्कची स्पार्कलिंग पूर्ण शेनिन ब्लांची, २०२१ पासून यॉर्क सुलाकडेच आहे. मिळाली तर जरूर घ्या, पण मिळणं हाच प्रश्न आहे. झाम्पा स्वारेचंही तेच, इगतपुरीकडच्या वाईनरीची, ब्रूट आणि रोझे (गुलाबी) दोन्ही येतात, रोझे शिराझ द्राक्षाची, आणि तळलेल्या खाण्यासोबत मला रोझे जास्त आवडते.

राहिली सुला सेको, हलकी, गोडसर, कमी भावातली. वाईनचे शौकीन तिला नाक मुरडतात, पण ज्या घरात मावशी, काकू, वहिनी पहिल्यांदाच घोटभर चाखून पाहणार आहेत तिथे ब्रूट दिली तर 'अगं बाई, किती आंबट' म्हणून ग्लास बाजूला ठेवला जातो आणि बाटली वाया जाते. तिथे सेकोच द्या.

गोडीबद्दल लेबलवर एक फसवणारी गोष्ट आहे. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, आणि 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असेल तर १२ ते १७, म्हणजे नाव कोरडं पण बाटली ब्रूटपेक्षा गोड! इम्पोर्टेड प्रोसेकोवर हे 'एक्स्ट्रा ड्राय' बऱ्याचदा दिसतं. 'डेमी सेक' म्हणजे ३२ ते ५०, सरळ गोडच.

खाण्याचं म्हणाल तर सांबारवडी आणि ब्रूट ही जोडी मला तरी सगळ्यात आवडते, गरम तळलेलं कव्हर, आत सांबार (कोथिंबीर), खसखस, खोबरं, आणि वर एक थंड आंबट घोट, तेलकटपणा धुऊन निघतो आणि दुसरी वडी खायला तोंड मोकळं. मूगभजी, पनीर पकोडे, साधा चिवडासुद्धा चालतो. पण सावजीसोबत ब्रूट अजिबात नको. अल्कोहोल आणि फेस दोन्ही तिखटाला आणखी चेतवतात, त्या काळ्या मसाल्यावर कोरडी स्पार्कलिंग म्हणजे ओठांची आग, आणि वाईनची चव तर कळतच नाही. सावजी जेवणाआधीच स्टार्टरसोबत बाटली संपवून टाका. जेवतानाही हवीच असेल तर गोडवाली, एकदम थंड. तर्रीचंही तेच. आणि संत्रा बर्फीसोबत ब्रूट नको, गोडापुढे ती चिंचेसारखी लागते, तिथे सेको बरी.

संत्र्याचं निघालंच आहे तर थंडीत अंबिया बहाराची संत्री येतात तेव्हा ताजा गाळलेला रस अर्धा ग्लास आणि त्यावर अर्धा ग्लास स्पार्कलिंग, हे सकाळच्या पाहुण्यांसाठी झकास होतं. यासाठी शँडॉन फोडू नका, रसात तिचं काहीच उरत नाही. रस आधी, वाईन नंतर, नाहीतर फेस उतू जातो.

आता ठेवण्याचा मुद्दा, जो मी सुरुवातीला म्हटला. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि काही दुकानांत बाटल्या दर्शनी काचेमागे उभ्याच्या उभ्या, वरून ट्यूबलाइटचा उजेड. अशा बाटलीतली वाईन लवकर थकते, चव शिळ्या सफरचंदासारखी होते. म्हणून एसी असलेलं दुकान बघा, आतल्या फ्रिजमधली मागा, लेबलवर छापलेला महिना-वर्ष वाचा आणि त्यातल्या त्यात नवी घ्या. बुचावरचा कागद चिकट लागला, किंवा दुसऱ्या बाटलीपेक्षा पातळी खाली दिसली, तर ती परत ठेवून द्या. आणि समृद्धीवरून इगतपुरीकडून येताना लोक वाईनरीतूनच खोका उचलून आणतात, ते ठीक, पण उन्हाळ्यात डिकीत टाकून वाटेत दोन तास जेवायला थांबू नका, बाटलीत आधीच गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो.

थंड करायला फ्रिजमध्ये तीन-चार तास. घाई असेल तर मोठा गंज (पातेलं) घ्या, त्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडाली की २०-२५ मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात होत नाही, मध्ये हवा राहते, पाणी पाहिजेच. फ्रीजरमध्ये विसरलात तर फुटेल. साधारण ६ ते ८ अंशांवर प्यायची, गोडवाली आणखी थंड चालते, आणि उन्हाळ्यात ग्लास अर्धाच भरायचा, कारण गप्पा मारेपर्यंत ती कोमट होते.

उघडताना हलवून भिंतीवर उडवायचा शौक असेल तर पाण्याची बाटली घ्या ना भाऊ. तार सैल करायला साधारण सहा अर्धे वेढे लागतात, तेवढा वेळ अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरपी, तोंड माणसांकडे नाही, ट्यूबलाइटकडेही नाही. मग बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची. आवाज 'ठप्प' नाही, 'फुस्स' आला पाहिजे. ग्लास उंच निमुळते असले तर उत्तम, इतवारीत भांड्यांच्या दुकानांत बघा. साबणाचा अंश राहिला की फेस मरतो, म्हणून गरम पाण्याने धुऊन उपडे ठेवा.

हिशोब साधा आहे, ७५० मिलीच्या बाटलीत सहा ग्लास बसतात. नुसता टोस्ट असेल तर १०० मिली धरून २५ माणसांना चार बाटल्या, बसून प्यायची असेल तर माणशी दोन ग्लास धरून नऊ घ्या. उरलेल्या बाटलीत चमचा खोचून फेस टिकत नाही, स्पार्कलिंगचा चिमट्यासारखा स्टॉपर मिळतो तो लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत बरी राहते. आणि कार्यक्रम वर्ध्याकडच्या फार्महाऊसवर असेल तर हा सगळा विषयच सोडा, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिथे संत्र्याचा रस आणि सोडा.