डिजी एससीआर: निकाल फुकट मिळतो, तो आज कायदा आहे का हे मात्र तुम्हीच शोधायचे

सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालसंग्रह जानेवारी 2023 पासून कुणालाही पैसे न भरता वाचता येतात. सुरुवातीला या संकेतस्थळाचे नाव ई-एससीआर होते, आता डिजी एससीआर (एससीआर म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’, हाच तो निकालसंग्रह). राज्यघटनेच्या कलम 141 मुळे या न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, त्यामुळे मूळ मजकूर हाताशी असणे ही मोठीच सोय.

सेवा नीट तपासायला मुलींच्या वडिलोपार्जित हक्काचा प्रश्न घ्यावा. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्याचे कलम 6 बदलले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. पण त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असावे लागतात का? 2015 मध्ये ‘प्रकाश वि. फुलवती’त दोन न्यायमूर्ती म्हणाले, हो. 2018 मध्ये ‘दानम्मा वि. अमर’मध्ये दोघांच्याच दुसऱ्या पीठाने 2001 साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना वाटा दिला. शेवटी 11 ऑगस्ट 2020 रोजी ‘विनीता शर्मा वि. राकेश शर्मा’त तीन न्यायमूर्तींनी सांगितले की हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची अट नाही. फुलवती रद्दबातल, दानम्मा अंशतः. कायद्यातला एक शब्दही न बदलता पाच वर्षांत एवढी उलथापालथ झाली.

पोर्टलची खरी उणीव इथेच दिसते. फुलवतीची पीडीएफ उघडा: छापील खंडात होती तशीच आहे, पुढे ती उलटवली गेल्याचा शिक्का तिच्यावर नाही. नवखा माणूस तीच छापून वकिलाकडे नेतो. उपाय आहे, पण हाताने करायचा. जुन्या खटल्याच्या पक्षकारांची नावे मजकूर-शोधात टाका, नंतरच्या वर्षांचे निकाल उघडा आणि त्यांच्या सुरुवातीला दिलेल्या पूर्वनिर्णयांच्या यादीत जुन्या निकालापुढे ‘ओव्हररूल्ड’ (उलटवला), ‘डिस्टिंग्विश्ड’ (वेगळ्या परिस्थितीचा म्हणून बाजूला ठेवला) की ‘फॉलोड’ (पाळला) लिहिले आहे ते पाहा. नावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलून दोनदा शोधा. विनीता दोन ‘ई’ने की एका ‘आय’ने, एवढ्यावर निकाल हुकतो.

पीठाच्या संख्येवरून शोधण्याची सोय मात्र झकास, आणि तीच सर्वात कमी वापरली जाते. दोघांच्या पीठाला दोघांच्याच आधीच्या पीठाचा निर्णय उलटवता येत नाही. मतभेद असेल तर प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवायचे. हे 2004 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘सेंट्रल बोर्ड ऑफ दाऊदी बोहरा कम्युनिटी वि. महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात स्पष्ट केले. म्हणून दोन निकाल भांडताना दिसले की तारखेआधी न्यायमूर्ती मोजा.

वाचताना हेडनोटवर थांबू नका. तो संपादकांचा सारांश, निकालाचा भाग नव्हे. ‘विनीता शर्मा’ शंभराहून जास्त पानांचा आहे. थेट शेवटी दिलेली पाच उत्तरे आधी वाचा, मग त्यांची कारणे मागे जाऊन शोधा. पाचवे उत्तर गावाकडे फार कामाचे: नुसती तोंडी वाटणी झाल्याचा बचाव चालत नाही, अपवाद म्हणून चालवायचा तर सार्वजनिक दस्तऐवजाचा आधार लागतो. दुसऱ्या उत्तरात 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे व्यवहार शाबूत ठेवले आहेत. हा भाग भावंडांच्या भांडणात सोयीस्करपणे विसरला जातो.

काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. घरच्यांना समजवायला उत्तम, पण युक्तिवादात इंग्रजी मजकूरच प्रमाण, आणि अनुवादावरच तसा खुलासा छापलेला असतो. जुन्या खंडांच्या स्कॅनमध्ये अक्षरे चुकीची ओळखली जातात, तेव्हा शब्दाऐवजी वर्ष आणि खंड क्रमांकाने जावे.

मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल इथे नाहीत, त्यासाठी ई-कोर्ट्सचे वेगळे पोर्टल आहे. महिन्याला एखादा निकाल पाहणाऱ्याला डिजी एससीआर पुरेसे. रोज दावे चालवणाऱ्याने निकालाची पुढची वाटचाल दाखवणारी सशुल्क सेवा सोबत ठेवावी.