नॉर्वेची वाट की स्वीडनची?
२०२० च्या मार्चमध्ये कोरोना युरोपभर पसरला, तेव्हा या दोन शेजाऱ्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. नॉर्वेने १२ मार्चला शाळा, सलून, जिम बंद केली. पुढे तर डोंगरातल्या स्वतःच्या सुट्टीच्या घरात मुक्कामालाही बंदी आली! स्वीडनने लहान मुलांच्या शाळा, रेस्टॉरंटं चालू ठेवली आणि लोकांच्या समजूतदारपणावर भिस्त ठेवली. मुलांचं शिक्षण बुडलं नाही, हे मोठंच काम.

पण जूनअखेर नॉर्वेत सुमारे २५० मृत्यू, स्वीडनमध्ये ५,००० च्या वर. लोकसंख्या मात्र जेमतेम दुप्पट. स्वीडनमधल्या मृतांत वृद्धाश्रमांतली माणसं फार होती. तिथल्या भेटींवर देशभर बंदी यायला १ एप्रिल उजाडला. पुढच्या वर्षांत दोघांमधलं अंतर बरंच कमी झालं, तरी पहिल्या लाटेपुरती मला नॉर्वेचीच वाट पटते.