खेळाडूच्या खुर्चीतून पाहिलेली नाडाची सुनावणी

राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजेच नाडा, हिचे नाव पालकांच्या कानावर पडते ते बहुधा कोणावर तरी बंदी आल्यानंतरच. स्पर्धेच्या ठिकाणी येऊन सॅम्पल घेणारी माणसे कोणाची, हे तालमीतल्या पोरांना ठाऊक असते. पण सॅम्पल पॉझिटिव्ह आल्यानंतर त्या प्रकरणाचा निवाडा कोण करते, कोणत्या नियमाने करते आणि शिक्षेची वर्षे कशी मोजली जातात, याची नीट माहिती मुलांना, वस्तादांना आणि पुष्कळ जिल्हा संघटनांनाही नसते. मी गेली काही वर्षे कुस्ती आणि मैदानी खेळांतील मुलांची कागदपत्रे पाहतो आणि त्यासाठी निवाडेही वाचतो. त्या वाचनावरून नाडाच्या सुनावणी व्यवस्थेचे एक सार्वजनिक सेवा म्हणून परीक्षण येथे करीत आहे. ज्याच्या नावावर नोटीस निघते, तो खेळाडूच या सेवेचा खरा वापरकर्ता आहे आणि तिचे मोल त्याच्याच बाजूने ठरवायला हवे, असे माझे मत आहे.

प्रथम या सेवेची जमेची बाजू. नियम नाडाचे स्वतःचे नाहीत. ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे वाडाच्या संहितेवरून घेतलेले आहेत. वाडाची स्थापना 1999 मध्ये झाली आणि आज लागू असलेली संहिता 2021 पासूनची आहे. या संहितेत नियमभंगाचे अकरा प्रकार आहेत. शरीरात प्रतिबंधित द्रव्य सापडणे हा त्यांपैकी केवळ पहिला. सॅम्पल देण्यास नकार देणे, तपासणीत फेरफार करणे, द्रव्य जवळ बाळगणे, ते विकणे किंवा दुसऱ्याला देणे, बंदी असलेल्या प्रशिक्षकाकडून सेवा घेणे, तक्रार करणाऱ्याला धमकावणे, हेही नियमभंगच आहेत. ठावठिकाण्याची माहिती देणे ज्यांना बंधनकारक असते, अशा खेळाडूने बारा महिन्यांत तीनदा ती चुकवली, तर एकही सॅम्पल पॉझिटिव्ह नसताना त्याच्यावर बंदी येऊ शकते. हे सारे लिखित स्वरूपात उपलब्ध आहे, आणि भारतात 2022 च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने या व्यवस्थेला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला आहे. त्याआधीच्या समित्या केवळ नियमावलीच्या बळावर चालत असत.

निवाडा नाडा स्वतः करीत नाही, ही गोष्ट मी मुलांना वारंवार सांगतो. आरोप नाडा ठेवते. सुनावणी शिस्तपालन समितीपुढे होते. तीन सदस्यांच्या त्या पीठात कायदा जाणणारा एक, डॉक्टर एक आणि खेळाच्या क्षेत्रातला एक, अशी रचना असते. निकाल मान्य नसेल तर अपील समितीकडे जाता येते. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंचा मार्ग थेट लोझानच्या क्रीडा लवादाकडे जातो, आणि वाडालाही कोणत्याही निकालाविरुद्ध तेथे दाद मागता येते. रचना म्हणून मला ती उत्तम वाटते.

आता शिक्षेचे गणित. हा भाग सावकाश वाचावा, कारण चुका येथेच होतात. डोपिंगमध्ये खेळाडूची जबाबदारी निरपवाद आहे: द्रव्य शरीरात सापडले की नियमभंग सिद्ध झाला, ते कसे आले आणि जाणूनबुजून घेतले की नाही हा प्रश्न पुढचा. हा पुढचा प्रश्नच शिक्षेची वर्षे ठरवतो. स्टिरॉइडसारखे द्रव्य असेल, तर चार वर्षांची बंदी गृहीत धरूनच प्रकरण सुरू होते आणि आपण ते हेतुपुरस्सर घेतले नाही हे खेळाडूला सिद्ध करावे लागते. तसे सिद्ध झाले तर चाराची दोन वर्षे होतात. संहितेने वेगळ्या काढलेल्या, म्हणजे औषधांतून अनवधानाने पोटात जाण्याची शक्यता अधिक असलेल्या द्रव्यांच्या बाबतीत उलट असते. तेथे हेतू सिद्ध करण्याचा भार संस्थेवर असतो. तो पेलला नाही तर बंदी दोन वर्षांची, आणि खेळाडूचा दोष मोठा नसल्याचे दिसले तर ती केवळ समज देण्यापर्यंत खाली येऊ शकते. पुराव्याची पातळीही दोघांसाठी वेगळी आहे. संस्थेने समितीचे पुरेसे समाधान होईल इतके सिद्ध करायचे असते, तर खेळाडूने आपले म्हणणे अधिक संभाव्य आहे एवढेच दाखवायचे असते. वाचताना खेळाडूचे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात ते सोपे नाही, कारण संस्थेच्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल असतो आणि खेळाडूच्या हातात बहुतेक वेळा स्वतःच्या शब्दाशिवाय काहीही नसते.

नरसिंग यादव यांचे प्रकरण यासाठीच प्रत्येक पैलवानाने वाचावे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले आणि 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून भारताला 74 किलो गटात ऑलिंपिकची जागा मिळवून देणारे नरसिंग रिओला निघण्याच्या तयारीत होते. 25 जून आणि 5 जुलै 2016 या दोन दिवशी घेतलेल्या त्यांच्या सॅम्पलमध्ये मेथांडिएनोन हे स्टिरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी कधीही सोडलेले नाही. 1 ऑगस्टला शिस्तपालन समितीने घातपाताची बाजू मान्य करून त्यांना निर्दोष ठरवले. महाराष्ट्रात त्या संध्याकाळी किती तालमींत पेढे वाटले गेले असतील! वाडाने मात्र अपील केले. 18 ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच लवादाच्या तात्पुरत्या पीठापुढे सुनावणी झाली आणि चार वर्षांची बंदी आली. पहिल्या सॅम्पलमधील द्रव्याचे प्रमाण पाण्यात पूड मिसळल्याने येईल तसे नाही, गोळी घेतल्याने येईल तसे आहे, अशी तज्ज्ञाची साक्ष तेथे निर्णायक ठरली. घातपाताचा ठोस पुरावा खेळाडूने दिला नाही, असे पीठाने नोंदवले.

एकाच घटनेवर, सतरा दिवसांच्या अंतराने, दोन पूर्णपणे विरुद्ध निकाल लागले. नरसिंग यांच्या बाबतीत खरे काय घडले याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला दिसते ते एवढेच, की देशातल्या समितीला जे म्हणणे पटले ते आंतरराष्ट्रीय पीठापुढे टिकेल की नाही, याची कसोटी पहिल्या सुनावणीतच लागायला हवी होती. सहानुभूतीने दिलेला निकाल त्या क्षणी दिलासा देतो, पण पुढच्या पायरीवर कोसळणारा निकाल खेळाडूचे अधिक नुकसान करतो. त्या सतरा दिवसांत प्रयोगशाळेच्या आकड्यांना उत्तर देणारा तज्ज्ञ उभा करण्याची तयारी झाली असती, तर निकाल कदाचित तोच लागला असता. पण तो लढून लागला असता.

दुसरे प्रकरण पृथ्वी शॉ याचे. त्या वेळी क्रिकेट नाडाच्या कक्षेत नव्हते, क्रिकेट मंडळच आपल्या खेळाडूंचा निवाडा करीत असे. म्हणून तुलनेसाठी ते उपयोगी आहे. 22 फेब्रुवारी 2019 रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान दिलेल्या त्याच्या सॅम्पलमध्ये टर्ब्युटलिन सापडले. हे द्रव्य खोकल्याच्या अनेक औषधांत असते, आणि अनवधानाने घेतल्याचे त्याचे स्पष्टीकरण मंडळाने स्वीकारले. बंदी आठ महिन्यांची झाली. ती जाहीर झाली 30 जुलैला, पण मोजली गेली 16 मार्चपासून. त्या मार्चनंतर तो संपूर्ण आयपीएल खेळला होता. संहितेत बंदी मागच्या तारखेपासून मोजण्याची तरतूद आहे आणि प्रक्रियेला झालेला विलंब खेळाडूच्या माथी मारू नये हे तिचे कारणही योग्य आहे. परंतु ज्या दिवसांत खेळाडू मैदानावर खेळत होता तेच दिवस शिक्षेत धरले जावेत, हे मला आजही पटत नाही. त्याच ऑगस्टमध्ये क्रिकेट मंडळाने नाडाची कक्षा मान्य केली. सर्व खेळांना एकच दार असणे ही या सेवेतील मोठी सुधारणा होय.

सॅम्पल देण्यास नकार हा विषय मी एका वाक्यात संपवत असे. बजरंग पुनियाच्या प्रकरणानंतर तसे करीत नाही. 10 मार्च 2024 रोजी सोनीपतला त्याने सॅम्पल दिले नाही. आधी आपल्यासाठी मुदत संपलेले किट आणले गेले होते आणि त्याबाबत नाडाने खुलासा केलेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. तात्पुरते निलंबन झाले, मे महिन्याच्या शेवटी ते समितीने उठवले, कारण आरोपाची रीतसर नोटीस निघालेली नव्हती. जूनमध्ये नोटीस निघून पुन्हा निलंबन झाले आणि नोव्हेंबरमध्ये चार वर्षांची बंदी आली. समितीने नाडालाही कार्यपद्धतीचे नियम लावले, हे मला आश्वासक वाटते. पण खेळाडूने लक्षात ठेवायचे ते असे: किटबद्दल शंका असेल तर ती डोप कंट्रोल फॉर्मवर लिहावी, साक्षीदारासमोर लिहावी, आणि सॅम्पल द्यावे. किट निवडण्याचा हक्क खेळाडूचा आहे. नकाराची किंमत स्टिरॉइडइतकीच आहे.

आमच्या भागातल्या एका मुलाचे उदाहरण सांगतो, कारण निवाड्यांत अशा गोष्टी येत नाहीत. त्याचा ई-मेल क्रीडा प्रमाणपत्राच्या अर्जासाठी सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला होता आणि पासवर्डही त्याच्याकडेच होता. सॅम्पल पॉझिटिव्ह आल्याचे पत्र त्या ई-मेलवर येऊन पडले. आरोपाच्या नोटिशीनंतर वीस दिवसांत चूक कबूल करून शिक्षा स्वीकारली, तर चार वर्षांतले एक वर्ष कमी होते, ही संहितेतील अत्यंत उपयुक्त तरतूद आहे. पण घरात कोणी नोटीस उघडून वाचली तेव्हा त्यांतले चौदा दिवस गेले होते. ती इंग्रजीत होती. वडील ती घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा होता, की यात पोलीस येणार का. मुलाने काय घेतले होते? तालुक्यातल्या एका दुकानातून आणलेली पावडर, जिचे बिल नव्हते, डबा फेकून दिलेला होता आणि बॅच क्रमांक कोणालाही आठवत नव्हता. भेसळयुक्त सप्लिमेंटमुळे द्रव्य शरीरात गेले असे सिद्ध झाले, तर शिक्षा बरीच खाली येऊ शकते. पण सिद्ध करायला डबा लागतो, त्याच बॅचचा सीलबंद डबा मिळाला तर फारच उत्तम. अल्पवयीन खेळाडूंना संहिता येथे सवलत देते; द्रव्य कोठून आले हे त्यांनी दाखवणे सक्तीचे नाही. आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता.

यानिक सिनरचे प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. मार्च 2024 मध्ये जगातील अव्वल टेनिसपटूंपैकी एकाच्या, म्हणजे सिनरच्या, सॅम्पलमध्ये क्लोस्टेबोल हे स्टिरॉइड सापडले. मसाज करणाऱ्याच्या हातावरील फवाऱ्यातून ते आले, हे त्याचे स्पष्टीकरण कागद, बिले आणि तज्ज्ञ यांच्या बळावर मान्य झाले. वाडाने अपील केले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. त्याला सूट मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे म्हणणे खरे मानण्यास सबळ कारणे होती. पण त्याच नियमाखाली तसाच निर्दोष असलेला, मात्र वकील आणि तज्ज्ञ परवडत नसलेला मुलगा चार वर्षे घरी बसेल, ही या सेवेतील सर्वात गंभीर त्रुटी आहे. नियम समान आहेत; त्यांचा लाभ घेण्याची ऐपत समान नाही. सुनावणीतले कागद मराठीसारख्या भाषांत समजावून सांगणारा माणूस खेळाडूला संस्थेकडूनच मिळाला, तर ही दरी थोडी तरी कमी होईल.

पारदर्शकतेबाबत मी मध्यम गुण देईन. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची एकवीस महिन्यांची बंदी, जी नाडाने नव्हे तर आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेने हाताळली होती, लोकांना कळली ती फेब्रुवारी 2023 मध्ये, आणि जुलैत ती संपणारही होती. द्रव्य हिजेनामीन होते. तोपर्यंत अफवांना मोकळे रान मिळाले होते. खेळाडूची गोपनीयता जपलीच पाहिजे. परंतु निकाल लागल्यानंतर तो तर्कासह, वेळेवर प्रसिद्ध होणे खेळाडूच्याही हिताचे असते.

या साऱ्याला आकड्यांची पार्श्वभूमी आहे. 2024 मध्ये भारतात 7113 सॅम्पल तपासली गेली आणि 260 पॉझिटिव्ह आली, म्हणजे सुमारे 3.6 टक्के, मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. तपासणी वाढली हे त्याचे एक कारण असले, तरी टक्केवारी केवळ तपासणीने वाढत नाही. आमच्याकडे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय इंजेक्शन मिळते आणि व्यायामशाळेत डबे विकले जातात. 2022 पासून कॉर्टिकोस्टिरॉइडची सर्व इंजेक्शने स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत. गावच्या दवाखान्यात तापासाठी दिलेल्या सुईत काय होते, हे किती मुले विचारतात?

नाडाचे ‘नो युवर मेडिसिन’ हे अ‍ॅप मात्र मी मनापासून सुचवतो. औषध प्रतिबंधित आहे का, हे त्यावर खेळाडूला स्वतः पाहता येते. डब्यातल्या पावडरीत काय मिसळले आहे, हे कोणतेही अ‍ॅप सांगू शकणार नाही, त्यामुळे त्याचा उपयोग औषधांपुरताच धरावा. उपचारासाठी प्रतिबंधित औषध खरोखरच आवश्यक असेल, तर आधी अर्ज करून सूट मिळवता येते.

बंदीच्या काळात काय करता येत नाही, हे शेवटी लिहितो, कारण येथे चूक झाली तर मूळ शिक्षेच्या शेवटी नवी शिक्षा जोडली जाऊ शकते. संघासोबत सराव करता येत नाही, संघटनेच्या स्पर्धेत उतरता येत नाही, तेथे प्रशिक्षणही देता येत नाही. बंदीचे शेवटचे दोन महिने किंवा शेवटचा चतुर्थांश, यांपैकी जो काळ कमी असेल, त्यात संघाच्या सरावाला परतता येते. वर सांगितलेल्या मुलाने उरलेल्या सहा दिवसांत कबुली दिली आणि त्याची तीन वर्षे ठरली. आता आमच्या तालमीत प्रत्येकाच्या नावाची एक वही आहे. औषधाचे बिल, चिठ्ठी आणि डब्यावरचे लेबल तिच्यात चिकटवले जाते, आणि पहिल्या पानावर ई-मेलचा पत्ता लिहिलेला असतो. पासवर्ड ज्याचा त्याच्याकडेच राहतो.