दिवाळीत घेतलेली शिलाई मशीन पोळ्यापर्यंत वापरून: एका गोधडीवालीचा अनुभव

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. ठिगळं जोडायला, काठ लावायला, गोट मारायला ही मशीन एक नंबर. दुपटी आणि लहान मुलांच्या गोधड्या हिच्यावर पूर्ण होतात. डबल बेडची गोधडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिच्यावरच करायचा विचार असेल तर घेऊ नका. किंवा घ्या आणि धावदोरा हातानेच घाला, मी आता तेच करते.

दिवाळीच्या आधी घेतली, परवा पोळा झाला. म्हणजे नागपूरची थंडी, तो उन्हाळा आणि बराचसा पावसाळा हिने बघितला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या घरगुती मशीनींची घडण जवळपास सारखीच असते. मोटार ७०-८० वॅटची, पायाखाली पेडल, टाके बदलायची गोल चकती, वजन एका हाताने उचलण्याजोगं. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम वीतभर जागा. ही वीत लक्षात ठेवा, पुढे तिचंच रडगाणं आहे.

याआधी घरात सासूबाईंची पायमशीन होती, अजूनही आहे. काळी, लोखंडी, दोघांशिवाय हलत नाही. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली, आता त्या जागेवर मॉल आहे, आणि घरातली मशीन मात्र थेंबभर तेलावर चालूच आहे. सरळ टिपेत नवी तिच्या जवळपास येत नाही, हे खुल्या मनाने सांगते. पण गुडघे बोलायला लागले की पाय मारणं नको होतं. म्हणून ही घेतली.

आता वॉकिंग फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा आणि वरूनही सरकवणारा जोडायचा पाय. गोधडीसाठी मशीन घेणाऱ्याने बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा. तो मशीनसोबत आला नाही, वेगळा घ्यावा लागला, हजाराच्या आत. घेताना आपली मशीन ‘लो शँक’ आहे की ‘हाय शँक’, म्हणजे फूट बसवायचा दांडा ठेंगणा आहे की उंच, ते विचारून घ्या. घरगुती बहुतेक लो शँक असतात, चुकीचा आणला तर तो बसतच नाही. साध्या फूटखाली कापड सरकवतात ते फक्त खालचे दाते. वरचा थर फूटला घासत मागे रेंगाळतो, खालचा पळतो, आणि टीप संपेपर्यंत वरच्या साडीला चुण्याच चुण्या. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात. त्याचा एक दुबेळका दांडा सुईच्या स्क्रूवर बसतो, सुई वरखाली झाली की तो दांडाही हलतो आणि वरचे दाते उचलले जातात, टेकतात. दोन्ही बाजूंनी कापड बरोबरीने सरकतं. फरक पहिल्याच टिपेला कळतो.

त्याचे नखरेही आहेत. खटखट आवाज करतो, कोणी दुपारी झोपलं असेल त्या खोलीत चालवू नये. उलटी टीप त्याला मानवत नाही. आणि त्या दांड्याच्या हादऱ्याने सुईचा स्क्रू ढिला पडतो, म्हणून अधूनमधून घट्ट करत राहायचा. टाका मी ३ मिलिमीटरवर ठेवते, जाड थर असेल तर साडेतीन. सुई साध्या सुतीला ९०/१४ नंबरची, मध्ये जुनी चादर घातली असेल तर १००/१६. अगदी विरलेल्या साडीला मात्र ८०/१२ च, आणि तीही नवी. साधारण ८ तास शिवण झालं की सुई बदलावी असं शिकवतात. आपल्याकडे मोडेपर्यंत वापरायची पद्धत आहे. नव्या कापडात खपून जातं, पण आईच्या पन्नास वर्षांच्या लुगड्याला बोथट सुई भोकं पाडते आणि धुतल्यावर तिथूनच कापड उसवतं.

हात आणि मशीन यांच्यातला खरा झगडा वेगळाच आहे. सासूबाईंची रीत अशी: गोधडी जमिनीवर अंथरायची, मोठ्या टाक्यांनी सगळीकडे टाचून घ्यायची, मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनी फेरे घेत आत यायचं. कर्नाटकात उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, त्याही कडेकडूनच आत येतात आणि शेवटी कोपऱ्यांना घडीच्या कापडाची फुलं लावतात. मशीनवर हे नेमकं उलटं करावं लागतं. मशीन कापड ढकलत नेते, त्यामुळे ढिलाई समोर साचत जाते. कडा आधी शिवून बसलात तर त्या ढिलाईला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि मधोमध फुगा येतो. म्हणून मध्यापासून सुरुवात, तिथून बाहेर. आणि मध्यापासून सुरुवात म्हणजे अर्धी गोधडी गुंडाळून त्या वीतभर जागेतून न्यायची. दुपट्याची गुंडाळी आरामात जाते. सिंगल बेडची घुसवून घुसवून जाते. डबल बेडची म्हणजे यात्रेच्या दिवशी रामटेकच्या एसटीत चढणं. शिवाय टेबलाबाहेर लोंबणाऱ्या गोधडीचं वजन सुईला ओढतं, सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते.

यावर उपाय म्हणून जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, डाव्या हाताला आणखी एक छोटं टेबल जोडलं. गोधडी लोंबायची थांबली. घरातली जेवणं मात्र खाली आली. हे दोनचार दिवस “टेबल जेवायचं आहे की शिवायचं?” विचारत होते, मग गपचूप पाट मांडायला लागले. सासूबाईंना उलट बरं वाटलं, त्यांना खुर्चीवर बसून जेवणं कधीच पटलं नव्हतं.

कापडाचं सांगते, कारण मशीनला कोणतं कापड चालतं यावर अर्धा अनुभव अवलंबून आहे. सुती साडी उत्तम. मिक्स, म्हणजे सुती-पॉलिएस्टर, चालते. निव्वळ सिंथेटिक साडी वॉकिंग फूटखालूनही निसटते आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, ताण परत परत बघावा लागतो. आमच्याकडे विदर्भातल्या करवतकाठी टसर साड्या असतात, काठाला करवतीसारखे दाते विणलेले. त्यातली एक जुनी होती, अंग फाटलेलं, काठ शाबूत. तो काठ सुती अस्तरावर आधी हाताने टाचला आणि मग मशीनवर गोटासारखा लावला. टसरचे धागे कडेने सुटतात, त्यामुळे कड दुमडल्याशिवाय मशीनखाली घालू नका. कोरं कापड आणलं तर आधी धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात कोरं आकसतं, जुनं जसंच्या तसं राहतं आणि गोधडी वाकडी होते.

कापडासाठी गांधीबाग. पूर्वी ऑटोवाल्याशी घासाघीस करत जायचे, आता सुभाषनगरला मेट्रोत बसते, अ‍ॅक्वा लाइनने सरळ चितार ओळी चौक. तिथून गांधीबागचा कापड बाजार पायी. गणपतीच्या आधी गेलात तर आधी चितार ओळीतल्या मूर्ती बघायच्या, मग कापड. माझी बहीण बरोबर असली की क्रम उलटा होतो आणि मूर्ती बघेपर्यंत अंधार पडतो. दुकानांतून कात्रणं तोलून मिळतात, पण पिशवी उघडून हात खाली घालून बघा. वर सुती आणि तळाशी सगळं चकाकणारं, असा प्रकार सर्रास चालतो. येताना सीताबर्डीवर उतरून काहीतरी खाल्ल्याशिवाय ही फेरी पूर्ण झाली असं आम्ही दोघी मानत नाही.

उन्हाळा. मशीनच्या माहितीपुस्तकात कूलरविषयी एक ओळ नाही, आणि नागपूरकराला तीच हवी असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की कूलरशिवाय खोलीत बसता येत नाही. कूलरची दमट हवा थेट मशीनवर आली की सुया, टाचण्या, सेफ्टी पिना गंजतात, आणि गंजलेली पीन पांढऱ्या साडीवर जो डाग सोडते तो जात नाही. वारा मांडलेली ठिगळंही उडवतो. मी कूलर पाठीमागे ठेवते, पिना झाकणाच्या डब्यात, आणि मशीन काम झालं की लगेच झाकते. तेल उन्हाळ्यात थोडं लवकर द्यावं लागतं असं मला वाटतं. कापायची हिरवी मॅट आणि गोल पात्याचा कटर वापरत असाल तर मॅट उन्हात, गच्चीच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका. उष्णतेने ती वाकते आणि एकदा वाकली की सपाट होत नाही. इस्त्रीही तिच्यावर फिरवायची नाही. आमची मॅट पलंगाखाली आडवी असते, घरात सगळ्यात थंड जागा तीच. वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालते, जरा घुमते, पण चालते. कूलर आणि मशीन दोन्ही एकदम नका लावू.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. बॉबिनच्या खाली दोरा अडकून मशीन एकदा पूर्ण थांबली. सर्व्हिसवाले ‘उद्या येतो’ म्हणत बरेच दिवस आले नाहीत. शेवटी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पत्रा उघडून, ब्रशने कापसाचा गाळ काढून दिला आणि हे दर गोधडीनंतर घरीच करा म्हणून बजावलं. जुन्या साड्यांचा धुरळा फार पडतो, त्यामुळे ते आता सवयीचं झालं.

या मशीनवर सगळ्यात मजेचं काम कोणतं झालं असेल तर तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाची, झूल. मुलगी आणि नातू सुट्टीला आले होते. नातू ५ वर्षांचा, त्याच्या लाकडी बैलाला बाजारची झूल नको होती, “आजी, तुझ्यासारखी ठिगळांची पाहिजे.” तळहाताएवढे तुकडे, लाल-पिवळे, मध्ये आरसे, कडेला झालर. इतकं बारीक काम पायमशीनवर जमलं नसतं, इथे वेग कमी करून आरामात झालं. चौकात बैल रांगेत उभे राहिले तेव्हा झालर लावलेला एकच होता. त्याच दिवशी सकाळी मारबत, म्हणजे रोगराई नि वाईट गोष्टी हाकलायला काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्यामुळे काळी-पिवळी मारबत बघून महाल भागातून थकून आलेली मंडळी संध्याकाळी पुन्हा पोरांच्या बैलांमागे. मी झूल शिवत बसले होते म्हणून मारबतीला गेले नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही, त्या गर्दीत माझा जीव गुदमरतो.

मशीनने वाचवलेला वेळ कुठे जातो, हे विचाराल तर हातशिलाईतच. ठिगळांचा वरचा थर पूर्वी महिनाभर रेंगाळायचा, आता तो लवकर होतो आणि मी धावदोऱ्याला लवकर बसते. टाचलेली गोधडी घडी घालून कुठेही नेता येते. रामटेकला गेलो तेव्हा गडमंदिर झाल्यावर खिंडसी तलावावर पोरं नावेत बसली आणि मी नि सासूबाई काठावर गोधडीचं एकेक टोक धरून. “मशीन घेतली न् काहून हातानं करून राहिली?” असं त्यांनी तिथंही विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझा वाकडा गेलेला फेरा उसवून टाकला. मशीनपुढे एकच माणूस बसू शकतं, तेही भिंतीकडे तोंड करून. माझ्या दृष्टीने तिचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

घ्यायची ठरली असेल तर एक करा. दुकानदार कोऱ्या, इस्त्रीच्या कापडावर टीप मारून दाखवतो, त्यावर कोणतीही मशीन छानच चालते. घरून दोन जुन्या साड्यांचे तुकडे आणि मध्ये जुनी चादर असा हातभर लांब सँडविच टाचून न्या. वॉकिंग फूट लावायला सांगा आणि त्यावर सलग चार टिपा स्वतः मारून बघा. तुकडा उलटा करून खालचे टाके बघा, वरच्या साडीला चुण्या आल्या का बघा. हे करू द्यायला कोणी कुरकुरलं तर पिशवी उचला आणि पुढच्या दुकानात जा.